कार्ब ओव्हरहॉल होऊन आलं तरी आयडलला इंजिन मान टाकतंय, आता काय बघू?

वारा_प्यालेला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण डोकं चालेनासं झालंय.

विमान सेसना १७२, इंजिन लायकमिंग ओ-३२० ई२डी, कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मार्व्हल-शेब्लर एमए-४एसपीए. मी आणि एक मित्र, दोघांत मिळून आहे. दोनेक महिन्यांपूर्वी लँडिंगनंतर थ्रॉटल पूर्ण मागे घेतला (म्हणजे आयडल) तर इंजिन आचके द्यायला लागलं आणि रनवेवरून वळता वळता बंदच पडलं. लगेच स्टार्ट झालं म्हणून तेव्हा मनावर घेतलं नाही. मग ते रोजचंच झालं. ८०० आरपीएमच्या खाली गेलं की थडथडतं, सगळं पॅनल हलतं, १२००च्या वर गेलं की एकदम लोणी. क्रूझला २४०० वर तर काही म्हणजे काहीच नाही. मॅग (प्लगला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो) चेक १७०० ला करतो, एका मॅगवर ८० पडतात दुसऱ्यावर १००, म्हणजे तेही ठीक.

आमच्या एएमईने (विमान देखभाल इंजिनियर) आधी आयडल मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत घेतला, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. मग कार्ब काढून ओव्हरहॉलला पाठवलं, आलं, बसवलं, पहिल्याच दिवशी परत तेच! परत स्क्रू आत घेतला तर थडथड थोडी कमी झाली पण आता नवीनच, थ्रॉटल पटकन पुढे ढकलला की इंजिन आधी भक्क करून बसतं आणि मग उचलतं. ओव्हरहॉलवाले म्हणतात आमच्या बेंचवर कार्ब ओके होतं. मित्र म्हणतो परत पाठव आणि भांड. मला भांडायला काही नाही पण आधी खात्री तर हवी ना की चूक कार्बचीच आहे. कार्ब हीट (कार्बला गरम हवा देणारा नॉब) ओढून पाहिली, फरक नाही.

---

जुना_पाना

पहिलं म्हणजे हे मिटेपर्यंत उडू नकोस. आज जमिनीवर बंद पडतंय, उद्या फायनलवर (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) थ्रॉटल मागे घेतल्यावर पडेल.

दुसरं, तू इतकं सगळं लिहिलंस पण सगळ्यात फुकटची टेस्ट लिहिलीच नाहीस. इंजिन चांगलं गरम असताना आयडलला ठेव, मिक्श्चर (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा नॉब) हळूऽऽहळू मागे ओढ आणि आरपीएमच्या काट्यावरून नजर हलवू नकोस. बंद पडायच्या आधी काटा थोडा वर जातो का? १० ते ५० वर गेला तर आयडल मिक्श्चर जागेवर आहे. ५०च्या वर गेला तर रिच (पेट्रोल जास्त). अजिबात न चढता थेट खाली कोसळला तर लीन (पेट्रोल कमी). ही टेस्ट रोज इंजिन बंद करताना आपोआपच होते, फक्त कुणी बघत नाही, सगळ्यांना चावी काढून घरी पळायचं असतं.

तिसरं, खालचे स्पार्क प्लग काढून बघितले का? आणि काढताना कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. ट्रेमध्ये एकत्र टाकलेत की अर्धा पुरावा गेला.

---

ढगात_घर

मला तर हे सरळ सरळ कार्ब आयसिंग वाटतंय. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे थंडीतच, पण तसं नाही. व्हेंचुरीत (कार्बच्या अरुंद गळ्यात) दाब पडतो त्याने हवा गार होते आणि वर पेट्रोलची वाफ होताना ते आणखी उष्णता खेचून घेतं, दोन्ही मिळून आतलं तापमान ३५-४० अंशांनीसुद्धा पडू शकतं. म्हणजे बाहेर २० अंश आणि दमट हवा असेल तर बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या झडपेच्या) आसपास आरामात बर्फ धरतो. साधारण २१ अंशांच्या खाली आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता हा जास्त धोक्याचा पट्टा, पण त्याहून बऱ्याच गरम हवेतही झालेलं आहे. आणि थ्रॉटल मिटलेला असताना जास्त, कारण फट आधीच बारीक असते तिथे थोडासा बर्फसुद्धा पुरतो. फिक्स्ड पिच प्रॉप (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा) असेल तर आधी आरपीएम हळूहळू उतरतं, मग थडथड.

आणि कार्ब हीट अर्धवट ओढू नका, पूर्ण ओढा. ओढल्यावर पहिल्यांदा अजूनच वाईट होतं कारण वितळलेलं पाणी इंजिनात जातं, गरम हवा विरळ असल्याने मिक्श्चरही रिच होतं. लोक तिथेच घाबरून परत ढकलतात. धीर धरायचा.

---

वारा_प्यालेला

@ढगात_घर माहिती भारी आहे पण आमच्याकडे सध्या हवा कोरडी ठाक आहे आणि हे स्टार्ट केल्यावर दहा मिनिटांनी जसं आहे तसंच तासाभरानेही असतं. हीट पूर्ण ओढून मिनिटभर ठेवली होती, रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) आरपीएम नीट पडतं आणि परत ढकलल्यावर पूर्ण परत येतं.

@जुना_पाना काका, टेस्ट उद्या करतो. प्लग एएमई शनिवारी काढणार आहेत, लिहून ठेवायला सांगतो.

---

दोन_कार्बवाला

मी रोटॅक्स ९१२ वाला, त्यामुळे माझं थोडं वेगळं, माझ्याकडे दोन बिंग कार्ब आहेत आणि दोघांचं एकमेकांशी जमलं नाही की असंच आयडलला थरथरतं. पण मी लिहितोय ते फ्लोटबद्दल (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा). आमच्याकडे फ्लोट पेट्रोल पिऊन जड व्हायची भानगड फार गाजली, कंपनीनेच सांगितलं की एका कार्बमधल्या दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं की फेकून द्या. फ्लोट जड झाला की बुडतो, सुई बंद होत नाही, पातळी वर चढते आणि इंजिन रिच. मी दर वेळी बारक्या तराजूवर मोजतो, घरच्यांना वाटतं सोनं विकत घेतोय.

तुझ्या कार्बमध्येही फ्लोटच आहे ना, आणि ओव्हरहॉलमध्ये जुनाच ठेवला असेल तर? पितळी असेल तर बारीक भेग पडून आत पेट्रोल शिरतं. विमान उभं असताना एअरबॉक्समधून (कार्बला हवा देणारा डबा) निळं ठिबकतंय का ते बघ, एव्हीगॅस १००एलएल असेल तर डाग निळा दिसतोच.

जाता जाता, फ्लोटवाल्या कार्बचा स्वभावच असा आहे. १९४० मध्ये स्पिटफायर आणि हरिकेनचं मर्लिन इंजिन नाक खाली दाबलं की खोकायचं, कारण निगेटिव्ह जी मध्ये फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल छताला चिकटायचं. समोरच्या जर्मन विमानात फ्युएल इंजेक्शन, ते बिनधास्त सूर मारून पळायचं. शेवटी बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या लाइनीत भोक पाडलेली एक चकती बसवली आणि बरंचसं काम भागलं. मोठ्या बदलाची वाट बघत बसल्या नाहीत.

---

वारा_प्यालेला

टेस्ट केली. काटा अजिबात वर गेला नाही, मिक्श्चर जरा मागे घेतलं की सरळ खाली आणि बंद. तीनदा केली, तिन्ही वेळा तेच. म्हणजे लीन ना? एअरबॉक्स कोरडा आहे, डाग नाही. कार्बमध्ये नवा फ्लोट टाकल्याचं कागदावर लिहिलंय.

---

निळा_डाग

लीन आणि फक्त आयडललाच, तर मग इनटेकमध्ये कुठेतरी हवा ओढतंय. आयडलला मॅनिफोल्ड प्रेशर (इनटेकमधल्या हवेचा दाब) १०-१२ इंच असतं, बाहेर ३०, म्हणजे इंजिन स्ट्रॉने ओढावं तसं जोरात ओढत असतं आणि मिळेल त्या फटीतून हवा आत घेतं. फुल थ्रॉटलला आतबाहेर जवळजवळ सारखंच, मग फट असली काय नसली काय. म्हणून वर सगळं लोणी.

या इंजिनात इनटेकची नळी एका टोकाला ऑइल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) रबरी होजने जोडलेली असते आणि दुसऱ्या टोकाला सिलिंडरला फ्लँज आणि गॅस्केट. रबर कडक होतं, क्लॅम्प सैल होतो, गॅस्केट फुटतं. फ्लँजपाशी निळसर डाग दिसला तर समजा सापडलं. नसेल दिसत तर व्हॅक्युम क्लीनरचं फुंकणारं तोंड कार्बच्या हवेच्या बाजूला लावा, हळू फुंकू दे, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे फट. मॅग बंद, चावी खिशात, आणि प्रॉपच्या कक्षेत कुणी उभं राहायचं नाही हे सांगायला नको. तरी सांगतोच.

आणि कार्ब आणि सम्पच्या मधलं गॅस्केट विसरू नका, कार्ब नुकतंच काढून बसवलंय.

---

वारा_प्यालेला

शनिवारची बातमी. साबणाचं पाणी सगळीकडे मारून झालं, एक बुडबुडा नाही. क्लॅम्प घट्ट, होज मऊ आहेत, कार्ब-सम्पमधलं गॅस्केट नवीन.

पण प्लग बघून एएमईसुद्धा गप्प झाले. १ आणि ३ चे खालचे प्लग पांढरट, अगदी स्वच्छ. २ आणि ४ चे खालचे काळेकुट्ट, कोरडी काजळी, बोटाला लागते. तेलकट नाहीत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं चांगलं आहे. आता मिक्श्चरची टेस्ट म्हणते लीन आणि हे दोन प्लग म्हणतात रिच. खरं कोण बोलतंय?

---

जुना_पाना

दोघंही खरंच बोलतायत, आणि म्हणूनच मजा आली.

बघ, कार्ब एकच आहे. ते चारही सिलिंडरला एकाच ताटातलं वाढतं. वाटणीत थोडंफार इकडे तिकडे होतं, या जातीच्या इंजिनात ते असतंच, पण दोन पांढरे फटक आणि दोन काळेकुट्ट इतका फरक कार्ब करू शकत नाही. फ्लोट बुडाला असता तर चारही काळे झाले असते. जेट तुंबला असता तर चारही पांढरे. दोनच काळे म्हणजे त्या दोघांना कार्बनंतर कुठून तरी वरचं पेट्रोल मिळतंय. आणि कार्बनंतर सिलिंडरपाशी पेट्रोल नेणारी तुझ्या विमानात एकच गोष्ट आहे.

प्रायमर, म्हणजे थंड इंजिन स्टार्ट करताना पेट्रोल मारायचा हातपंप.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडंच आहे तर प्रायमरच्या बारक्या नळ्या कुठल्या सिलिंडरला जातात ते बघ. सगळ्या विमानांत चारहींना जात नाहीत. तुझ्या नळ्या २ आणि ४ ला जात असतील, म्हणजे डाव्या बाजूला, तर माझा पाना मी आजच खाली ठेवतो.

आता स्क्रूचं. प्रायमर गळत होता म्हणून दोन सिलिंडर रिच झाले, इंजिन थडथडलं. एएमईने ऐकून ओळखलं की रिच आहे, तेही बरोबरच. त्यांनी स्क्रू आत घेतला, त्याने चारही लीन झाले. २ आणि ४ ला वरचा खुराक चालूच होता म्हणून ते जरा सुधारले आणि बिचारे १ आणि ३ उपाशी राहिले. आता मिक्श्चर ओढलं की आधीच उपाशी असलेले दोघं लगेच मान टाकतात, म्हणून काटा चढत नाही. आणि थ्रॉटल ढकलल्यावरचं ते भक्क पण त्या लीनपणाचंच. म्हणजे मूळचा एक दोष आणि त्यावर आपणच चढवलेला दुसरा. कार्ब यात कुठेच नाही.

---

ढगात_घर

मान गये काका. पण एक शंका, प्रायमर तर लॉक करतो ना आपण? मी स्वतः एकदा लॉक करायला विसरलो होतो तेव्हा सेम अशीच थडथड झाली होती, पण इथे रोज कोण विसरेल?

---

जुना_पाना

लॉक नसेल तर गळतोच, ते पहिलं बघायचं, दांडा आत ढकलून फिरवायचा आणि मग ओढून खात्री करायची. पण लॉक असूनही गळतो. दांड्यावर ओ-रिंग असतात, त्या वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून चपट्या होतात. हाय विंग विमान, टाक्या डोक्यावर, म्हणजे पेट्रोल वरून दाब देतंय आणि इंजिन खालून ओढतंय, मध्ये एक म्हातारी ओ-रिंग. काय करणार ती.

क्रूझला का कळत नाही? हे इंजिन तिथे तासाला ३०-३२ लिटर पितं, त्यात हे ठिबकणं कुणाच्या खिजगणतीत नाही आणि वर इनटेकमधली ओढही कमी झालेली असते. आयडलला मुळात पिणंच इतकं थोडं की तेवढे थेंबसुद्धा भारी पडतात.

खात्री करायला सोपं आहे. एएमईंना सांग सिलिंडरकडच्या दोन्ही प्रायमर लाइन सोडवून तिथली भोकं प्लगने बंद करायची, लाइनची टोकंही नीट कॅप करायची. उघडं टोक ठेवून इंजिन चालवायचं नाही, तिथून गरम एक्झॉस्टवर पेट्रोल उडेल. मग आयडल मिक्श्चरचा स्क्रू परत मॅन्युअलप्रमाणे लावा आणि टेस्ट करा.

---

वारा_प्यालेला

काका!!! नळ्या २ आणि ४ लाच जातात. आज नुसतं बघूनच एवढा आनंद झालाय. आणि हो, प्रायमर लॉक केलेलाच असतो, मी ओढून बघतो दर वेळी.

आता आठवलं, गरम इंजिन परत स्टार्ट करताना मागचे दोनतीन महिने फार त्रास व्हायचा, फ्लड झाल्यासारखं वागायचं. मी समजत होतो माझंच तंत्र चुकतंय.

---

निळा_डाग

उभं राहिलं की दोन्ही सिलिंडरच्या इनटेकमध्ये झिरपून बसत असेल, म्हणून फ्लड. फ्युएल सिलेक्टर (टाकीचा कॉक) बंद करून उभं करायची सवय असती तर कदाचित हे अजून उशिरा कळलं असतं बघ.

माझं साबणाचं पाणी वाया गेलं त्याबद्दल काही नाही, एक शक्यता तरी कटली.

---

वारा_प्यालेला

झालं. क्रमाने लिहितो म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

दोन्ही लाइन काढून बंद केल्या. स्क्रूला हात न लावता आधी स्टार्ट केलं, तर आयडलला टिकेचना, कारण आता चारही उपाशी. एएमई हसले, म्हणाले हे बघ खरं रूप. मग स्क्रू थोडा थोडा बाहेर घेत गेले, दर वेळी मिक्श्चर ओढून काटा बघायचा, मध्येमध्ये इंजिन वर नेऊन प्लग साफ करायचे, असं पाचसहा वेळा. शेवटी काटा ३० ने चढतो आणि मग पडतो, इथे थांबलो. ६५० वर आयडल ठेवलंय, पॅनलवर ठेवलेलं पेन हलत नाही. थ्रॉटल ढकलल्यावरचं भक्क पूर्ण गेलं.

प्रायमर खोलला तर दोन ओ-रिंगपैकी एक चपटी होऊन एका बाजूला कापलेली होती आणि चेक व्हॉल्व्हमध्ये बारीक कचरा. नवीन किट मागवलंय. ओव्हरहॉलवाल्यांना फोन करून सांगितलं की तुमचं कार्ब ठीक होतं, ते पण जरा अवघडले कारण दोन दिवसांपूर्वी माझा मित्र त्यांच्याशी भांडून बसला होता.

आता शेवटचा प्रश्न. किट येईपर्यंत लाइन बंदच आहेत, एएमईंनी तसं लॉगबुकात लिहून सही केलीय. थंड इंजिन स्टार्ट करायला आता थ्रॉटल पंप करूनच पेट्रोल द्यावं लागणार ना? किती वेळा मारू?

---

दोन_कार्बवाला

चला, फ्लोट निर्दोष सुटला!

---

जुना_पाना

पंपाचं जरा सांभाळून. तुझ्या कार्बमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप आहे, थ्रॉटल ढकललास की तो पिचकारी मारतो. पण कार्ब इंजिनाच्या खाली आहे, हवा खालून वर जाते. स्टार्टर फिरत नसताना पंप मारलास तर ती पिचकारी वर जायला हवाच नाही, सगळं परत खाली एअरबॉक्समध्ये आणि फिल्टरवर. मग एक बॅकफायर झाला की तिथे आग.

म्हणून आधी स्टार्टर फिरवायला सुरुवात कर, प्रॉप फिरतोय हे बघ, आणि मग एकदा, फार तर दोनदा थ्रॉटल हळू पुढे-मागे. फिरणारं इंजिन ते ओढून घेतं. नाही झालं स्टार्ट तर थांब, खाली जाऊन एअरबॉक्समधून ठिबकतंय का बघ, मग परत प्रयत्न. आरडाओरडा करत सातआठ पंप मारणारे मी बघितलेत आणि नंतर त्यांची काळवंडलेली काउलिंगही बघितलीय.

आणि लागलीच आग, तर पहिली प्रवृत्ती असते स्टार्टर सोडायची. सोडायचा नाही. फिरवत राहायचं म्हणजे ज्वाळा आणि पेट्रोल दोन्ही इंजिन आत ओढून घेतं. स्टार्ट झालंच तर थोडं वर नेऊन मिनिट-दोन मिनिटं चालवायचं आणि मग बंद करून तपासायचं. नाहीच झालं तर थ्रॉटल पूर्ण उघडा, मिक्श्चर मागे, फिरवणं चालूच, मग सिलेक्टर बंद, मास्टर बंद, मॅग बंद आणि अग्निशामक घेऊन बाहेर. तुझ्या विमानाच्या हँडबुकात हा क्रम दिलेला असेल, तो एकदा इंजिन बंद असताना बसून हाताने करून बघ. मित्रालाही बसव शेजारी, भांडायचा जोर तिथे कामी येईल.